चिनी शिडासाठी विंच कसा निवडावा : इच्छुकांना मार्गदर्शन

विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा हँडलचा ड्रम, घेण्याआधी नौका घ्यावी, हा या विषयातला पहिला नियम. दुसरा नियम असा की, आपले शीड चिनी जंक पद्धतीचे आहे हे विंचच्या दुकानदाराला सांगण्यात वेळ घालवू नये. सांगितले तरी तो जोडीच दाखवणार. नेहमीच्या युरोपीय नौकेवर पुढचे शीड दर वळणाला एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने ओढून घ्यावे लागते, म्हणून तिथे विंच जोडीने लागतात. चिनी शीड वाऱ्याच्या तोंडातून वळताना आपली बाजू आपणच बदलते. त्या वेळी खलाशाने चहा प्यावा.

ज्यांनी हे शीड पाहिलेले नाही त्यांनी चिकाचा पडदा डोळ्यांसमोर आणावा. कापडात आरपार घातलेल्या पाच-सात काठ्या, माथ्यावर एक जाड दांडा, आणि त्या दांड्याला धरून सगळे वर ओढणारा एक दोर, म्हणजे हॅलियार्ड. दोर सोडला की काठ्या एकावर एक येऊन निजतात. ब्लाँडी हॅस्लर या ब्रिटिश मरीन अधिकाऱ्याने २५ फुटी ‘जेस्टर’वर असले शीड लावले आणि १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडण्याच्या पहिल्याच शर्यतीत ४८ दिवसांत दुसरा क्रमांक काढला. दोर सगळे मधल्या झाकणापाशी आणलेले, त्यामुळे गडी आतूनच शीड चालवत होता. पुढे त्याने जॉक मॅक्लाउडबरोबर लिहिलेले ‘प्रॅक्टिकल जंक रिग’ १९८८ साली आले आणि या पंथाला पोथीही मिळाली. पण ‘जेस्टर’चे शीड लहान होते. त्या कीर्तीवर भाळून ज्यांनी ४५ फुटी नौकेवर ८० चौरस मीटरचे शीड चढवायचे ठरवले आहे, प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

विंच निवडण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे धक्क्यावर शेजारच्या नौकेवाल्याला विचारणे. तो नेहमी आपल्यापेक्षा एक नंबर मोठा सांगतो. आपण त्याहून एक नंबर मोठा घ्यावा, म्हणजे संबंध बिघडत नाहीत आणि क्रोमची चकाकीही वाढते. ही पद्धत पसंत नसेल त्यांनी खालचे गणित करावे.

विंचचा नंबर म्हणजे साधारणपणे त्याची ताकद किती पट, तो आकडा. ४० नंबरचा विंच सावकाश गतीला तुमचा जोर घर्षण वगळता चाळीसपट करतो. ऐकायला छान वाटते. आता हँडल २५ सेंटिमीटरचे, म्हणजे एका फेऱ्यात हात सुमारे १५७ सेंटिमीटर फिरतो. चाळीसने भागा. दोर आला चार सेंटिमीटर. तुमच्या हॅलियार्डला कप्प्यांची चौपट योजना असेल, तर शीड चढले एक सेंटिमीटर. शिडाला बारा मीटर चढायचे आहे. बाराशे फेरे! वेगवान गतीला, तेरा पटीवर घेतले तरी चारशे. भरतीची वेळ साधून निघालेला मनुष्य शीड पूर्ण चढेपर्यंत ओहोटीत बसलेला असतो.

आणि या सगळ्या ताकदीची गरज किती? शीड, काठ्या, दांडा मिळून दीडशे किलो धरा. चौपट कप्प्यांनी दोरावर अडतीस किलो उरतात, घर्षण धरून पन्नास. तेरा पटीच्या विंचला हे म्हणजे, विंचचे स्वतःचे घर्षण धरूनही, हँडलवर पाच-सहा किलो. चाळीस पटीची गती इथे निव्वळ शोभेची. थोडक्यात, कप्प्याही वाढवायच्या आणि विंचही मोठा घ्यायचा, हा एकाच कर्जाला दोन जामीन देण्याचा प्रकार झाला.

म्हणून कप्प्या कमी कराव्यात. चौपटीऐवजी दुप्पट. ४८ मीटरऐवजी २४ मीटर दोर पायांत येतो, आणि हा फरक रात्री कळतो. शिवाय एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या शिडाचे वजन एकदम अंगावर येत नाही. सुरुवातीला फक्त वरचा दांडा आणि एखादी काठी उचललेली असते, बाकीच्या खाली पडून असतात आणि एकेक करून ओझ्यात सामील होतात. त्यामुळे जवळपास निम्मे शीड उभे राहून नुसत्या हातांनी चढते. विंचची पाळी नंतर येते आणि तेव्हा ४० नंबरचा दुगती विंच खरोखर कामाला येतो : आधी वेगवान गती, शेवटच्या काठ्यांना सावकाश.

कप्प्या कमी करण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे, म्हणून ते लोक विसरतात. चिनी शीड लोक चढवण्यासाठी घेत नाहीत, उतरवण्यासाठी घेतात. झंझावात आला की दोर सोडायचा आणि दोन काठ्यांएवढे शीड आपल्या वजनाने खाली यायचे, ही त्याची सगळी कमाई. पाच-सहा कप्प्यांतून दोर गेला की हे वजन घर्षणातच खर्ची पडते आणि शीड वरच लटकून राहते. उतरवताना ड्रमवरचे वेढेही कमी करावे लागतात. दोर आपोआप पकडून ठेवणारा जबडा असेल, तर त्यातून आधी काढावा.

विजेच्या विंचबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. चढताना एखादी काठी शीड सावरून धरणाऱ्या बाजूच्या आवरदोरात अडकते, हे व्हायचेच. हाताला ते लगेच कळते. मोटरला कळत नाही. ती काठी मोडेपर्यंत निष्ठेने ओढत राहते.

बसवताना दोर ड्रमकडे किंचित खालून येईल असे पाहावे, नाहीतर वेढा वेढ्यावर चढतो आणि भर वाऱ्यात सुरी शोधावी लागते. वर्षातून एकदा विंच उघडून साफ करावा. आतल्या खिट्ट्यांना ग्रीस नव्हे, पातळ तेल. उघडण्यापूर्वी तळाला भोक पाडलेले पुठ्ठ्याचे खोके विंचभोवती बसवावे, कारण त्या खिट्ट्यांच्या स्प्रिंगा उडतात आणि त्यांची दिशा समुद्राचीच असते.

तेव्हा खरेदी अशी करावी : विंच एक, ४० नंबरचा, दुगती. बाकीचे दोर, ओढलेला दोर धरून ठेवणाऱ्या क्लचमधून आणून, त्याच्यावरच घ्यावेत. हँडल मात्र दोन घ्यावीत, आणि त्यांतले एक तरी तरंगणारे असावे.