क्रॉसओव्हर वाचायचा कसा?

१९८५ साली डीसी कॉमिक्सने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ हे क्रॉसओव्हर कॉमिक, म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतले नायक एकाच कथेत, काढलं: १२ अंक, ढीगभर नायक, मोजता न येणाऱ्या पृथ्व्या. ते कुठल्या क्रमाने वाचावं यावर पोरं अजून डोकं फोडतात. बाबांनो, एकदा मालवणात या. इथे जत्रेत ‘संयुक्त दशावतार’ हे लोकनाट्य लागतं; निरनिराळ्या मंडळांचे राजे, राक्षस आणि स्त्रीपार्टी एकाच रंगमंचावर. लिखित संहिता नाही, संवाद जागच्या जागी. संकासुर राक्षस एका जत्रेत मरतो, पुढच्या जत्रेत ताजातवाना हजर. ‘मागचा अंक राहिला’ म्हणून कोणी रडत नाही. तेव्हा मधूनच घुसा, युद्धाच्या प्रवेशाला जागे राहा आणि न कळलेलं शेजारच्या आजोबांना विचारा. चुकीचं सांगतील, पण ठामपणे सांगतील.