स्थावर आणि जंगम

सेवानिवृत्त मनुष्यास देशाटनाची इच्छा व्हावी हे स्वाभाविकच आहे. परंतु अमेरिकेतील ओहायो राज्यात उभी हयात घालविलेल्या शाकाहारी महाराष्ट्रीय दांपत्यास ती झाली, तर तिचे पर्यवसान मोटरहोममध्ये होण्याचा संभव फार असतो, कारण यलोस्टोनचे उष्णोदकाचे फवारे कितीही दिव्य असले, तरी आठवडाभर तळलेले बटाटे आणि कच्चा पाला यांवर देह जगवून त्यांचे दर्शन घेण्यास आमचे कुटुंब कबूल नव्हते. शेगडी बरोबर येईल तरच मी येईन, असा हुकूम सुटल्यावर, आणि नव्या गाडीची किंमत आमच्या राहत्या घराशी स्पर्धा करते असे आढळल्यावर, आम्ही वापरलेल्या गाड्यांच्या शोधास लागलो.

या वाहनांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. ए म्हणजे जवळजवळ बस, बी म्हणजे उंच टपाची व्हॅन, आणि सी म्हणजे चालकाच्या मस्तकावर पलंग चढविलेली मधली मूर्ती. सर्वांत लहानास दुसरा क्रमांक देणाऱ्या कारकुनाची पुढे बढती झाली असली पाहिजे.

आम्ही सी वर्ग निवडला आणि एका वयोवृद्ध सद्गृहस्थांच्या अंगणात गेलो. वीस वर्षांत गाडी अवघी अठरा हजार मैल चालली आहे, हे त्यांनी एखाद्या साध्वीचे चरित्र सांगावे तशा स्वरात सांगितले. साध्या मोटारीस हा गुण शोभतो. मोटरहोमच्या बाबतीत मात्र आळसाइतका घातक दुर्गुण नाही. टायरवरील शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात, एवढे ज्ञान मी संपादन केले होते. त्या आधारे पाहता नक्षी कोरी करकरीत असलेले ते टायर बारा वर्षांचे निघाले आणि त्यांच्या अंगावर वार्धक्याच्या भेगा होत्या. दरमहा थोडा वेळ भार देऊन चालवावा लागणारा जनरेटर तर कित्येक वर्षे समाधिस्थ होता.

मी या पंचनाम्यात गढलो असता कुटुंब आत गेले आणि क्षणात बाहेर आले. “अहो, आत उदबत्तीच्या कारखान्यासारखा वास येतोय. एवढा सुवास कशाला लागतो?” प्रश्न मार्मिक होता. सरकारदप्तरी हे वाहन असले, तरी ते कुजते घरासारखे. छपराच्या सांध्यांवरील लुकण तडकले की पाणी भिंतीत उतरते, बाहेरचा फायबरग्लासचा पत्रा फुगतो, आणि पुढच्या पलंगाचे कोपरे तर गळण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. मी तो कोपरा अंगठ्याने दाबला; अंगठा निमूटपणे आत गेला. मालकांनी खिडकीबाहेरच्या मेपल वृक्षाची स्तुती आरंभिली.

त्यानंतर अनेक गाड्या पाहिल्या. मैल्याच्या टाकीचा दर्शक ती रिकामी असतानाही दोन-तृतीयांश भरलेली दाखवितो, ही निराशावादी वृत्ती बहुतेक सर्वांत समान आढळली, आणि त्या टाकीपासून चार हातांवर देवांना जागा द्यावयाची की काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

अखेर सत्तर हजार मैल चाललेली एक गाडी भेटली. मालकापाशी दरवर्षीच्या लुकणाच्या पावत्यांची जाड फाइल होती; इंजिन आमच्या देखत थंड अवस्थेतून सुरू झाले; आणि आमच्या विनंतीवरून फ्रिज आदल्या दिवसापासून लावून ठेवलेला होता. ज्योतीच्या उष्णतेवर बर्फ करणारे हे यंत्र सपाट जमिनीचा हट्ट धरते आणि थंड व्हायला कैक तास घेते, म्हणून ही खबरदारी. मी खरेदीखताच्या गोष्टी काढणार, तोच कुटुंबाने शेगडीवरील धुराच्या घंटेकडे बोट दाखविले.

“फोडणीला ही ओरडेल का, विचारा.”

तापलेल्या तेलात मोहरी टाकून ती फुटेपर्यंत थांबतात, आणि हे दररोज दोनदा चालते, असे मी प्रामाणिकपणे विशद केले. सद्गृहस्थांनी शेगडीकडे पाहिले, प्रोपेनच्या टाकीकडे पाहिले, बराच वेळ मौन धारण केले, आणि आम्ही न मागता किमतीतून पाचशे डॉलर कमी करून फाइल माझ्या हातात दिली.