विदर्भ हरला, तोही विदर्भाकडून

सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर विदर्भाच्या रणजी संघाचा आपसातला सराव सामना झाला की नाही, याबद्दल नागपुरात मतभेद आहेत. त्यात विदर्भ हरला, याबद्दल मात्र एकमत आहे.

मतभेदाचं मूळ पावसात आहे. 2025 साली पोळा झाला, मारबत निघून गेली, नवरात्र बसलं, तरी पाऊस हलायला तयार नव्हता. त्यामुळे सामना ठरला होता पण नुसते नेट झाले, असं एक घराणं मानतं. दुसऱ्या घराण्याचा साक्षीदार स्कूटरवरून जाताना भिंतीपलीकडे पांढऱ्या कपड्यातली माणसं पळताना बघून आलेला आहे. ती धावा काढत होती की सर आली म्हणून पळत होती, हे कळायच्या आत सिग्नल सुटला. तिसऱ्याच्या साळ्याचं पोरगं कुठल्याशा क्रिकेट क्लासला जातं, आणि त्यानं म्हणे घरी येऊन "मजा नाही आली" एवढंच सांगितलं. एवढ्या भक्कम पुराव्यावर पोह्याच्या गाडीवर विदर्भाच्या 2025-26 च्या अख्ख्या मोसमाचा निकाल लागला. इराणी करंडक 1 ऑक्टोबरला जामठ्याच्या स्टेडियमवर सुरू व्हायचा होता. खेळाडूंनी तेवढं जाऊन यावं, बाकी काम झालेलं होतं.

आपसातल्या सामन्याची एक मोठी सोय असते. फलंदाजानं शंभर काढले, की आपली बॉलिंग संपली. फलंदाज शून्यावर गेला, की आपली बॅटिंग संपली. दोघांचंही बरं गेलं, तर विकेट पाटा होती, तिच्यावरून काय कळणार, म्हणजे तयारीच नाही. जगात दुसऱ्या कुठल्याही सामन्यात निदान एका बाजूचे लोक खुश होऊन घरी जातात. इथे दोन्हीकडे आपणच असल्यामुळे ती भीती नाही.

"आपल्या स्पिनरले म्हणे एका नव्या पोट्ट्यानं दोन छक्के हाणले," विम्याचं काम करणारे भाऊ म्हणाले. ताटलीतल्या पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री पडल्याशिवाय ते गोलंदाजीवर बोलत नाहीत.

"पाह्य! मी काय सांगून राह्यलो होतो?" बँकेतून निवृत्त झालेले काका. "स्पिन गेली आपली."

"पण काका, छक्के मारणारा पोट्टा बी आपलाच ना?" इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलानं विचारलं. त्याचं अजून शिक्षण चालू आहे, हे लक्षात घ्यावं.

"तो जाईन ना बे दुसरीकडं! आपल्यापाशी राह्यते का कोणी?"

ही जखम खरी आहे, त्यामुळे गाडीवर जरा वेळ कुणी चमचा उचलला नाही. करुण नायरनं केरळविरुद्धच्या 2025 च्या अंतिम सामन्यात 86 आणि 135 काढले आणि तो कर्नाटकात परत गेला. जितेश शर्मा बडोद्याला गेला. रजनीश गुरबानी, ज्यानं इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, तो महाराष्ट्राकडून खेळू लागला. वेगळ्या विदर्भासाठी दर 28 सप्टेंबरला नागपूर कराराची होळी करणाऱ्यांनी याची दखल घेतली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं; वेगळ्या विदर्भाचा माणूस आपल्या पायानं चालत महाराष्ट्रात गेला, असं उदाहरण दुसरं सापडायचं नाही. आणि आदित्य सरवटे! 2019 च्या फायनलला याच जामठ्यावर सौराष्ट्राचे अकरा गडी त्यानं टिपले होते. 2025 च्या फायनलला तो पुन्हा याच जामठ्यावर होता, फक्त केरळच्या बाजूनं. बाकी त्याच्या जाण्यानं जागा रिकामी राहिली म्हणावं, तर तसंही नाही. या भागात संत्र्यांचा बहार एखाद्या वर्षी धोका देतो, डावखुऱ्या फिरकीपटूंचा देत नाही. सरवटे गेला त्याच मोसमात हर्ष दुबेनं 69 बळी घेऊन रणजीच्या एका मोसमाचा विक्रम केला, आणि उपांत्य सामन्यात पार्थ रेखडेनं रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना एकाच षटकात परत पाठवलं. तिघंही मुंबईचे. हे एवढं सगळं काकांना पाठ आहे. म्हणूनच तर त्यांना काळजी वाटते.

काकांची काळजी समजायची, तर थोडा इतिहास लागतो. 1956 साली नागपूरची राजधानी गेली. 1957-58 साली विदर्भाचा संघ रणजीत उतरला. म्हणजे राज्य मिळालं नाही, पण संघ मिळाला, आणि पुढची साठ वर्षं तो संघ सरकारी कमिटीनं अहवाल द्यावा तसा दर हिवाळ्यात पराभव देत राहिला. विदर्भ, महाराष्ट्र आणि मुंबई असे एकाच राज्यात तीन रणजी संघ. त्यात आपण तिसरे, हे कुणी सांगावंही लागत नव्हतं. त्या काळात चाहत्याचं जीवन फार निवांत होतं. सराव सामना कधी झाला, कोण खेळलं, याची चौकशी करायची गरज पडत नसे. नागपूरचा माणूस रणजीत मुंबईच्या बाजूनं असायचा आणि विदर्भाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "आपल्याकडं टॅलेंट आहे जी, पण चान्स देत नाहीत." हे वाक्य क्रिकेटलाही चालायचं, सिंचनालाही, रस्त्यांनाही.

मग 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये घात झाला. फैज फजलच्या संघानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिला रणजी करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. दोन्ही वर्षी इराणीही आला, त्यातल्या पहिल्यात तर 7 बाद 800 वर डाव घोषित केला. 2025 मध्ये तिसरा रणजी. दांडेकर समितीनं 1984 साली विदर्भाचा कशाकशात किती अनुशेष आहे, ते मोजून दिलं होतं. तेव्हापासून आजवर तो पूर्ण भरून निघालेलं एकमेव खातं क्रिकेटचं आहे. आणि ते कुणा मंत्र्याच्या सहीशिवाय, हिवाळी अधिवेशनात घोषणा न होता भरलं. हे माणसानं पचवायचं कसं? पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली तक्रार एका दिवसात काढून घेतली, तर तो हात कुठं ठेवेल?

म्हणून विदर्भाच्या चाहत्यानं नवी तक्रार हातमागावर विणायला घेतली आहे, आणि तिचं काम बारीक आहे. पहिला करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मधल्या फळीत वसीम जाफर. काका म्हणाले, मुंबईच्या माणसांनी जिंकून दिलं, आपलं काय त्यात? 2025 ला प्रशिक्षक उस्मान गनी, घरचाच माणूस. काका म्हणाले, एखादं मोठं नाव आणायला पाहिजे होतं. केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक मिळाला. काका म्हणाले, याला काय जिंकणं म्हणतात? दुबेचे 69 बळी? एकट्याच्या जिवावर किती दिवस चालणार. यश राठोडच्या 960 धावा?

"हजार कुठं झाल्या?"

मला वाटतं, गेल्या काही वर्षांत काका मनापासून सुखी झाले ते फक्त मार्च 2024 मध्ये. वानखेडेवर मुंबईविरुद्ध फायनल, 538 चं लक्ष्य, अक्षय वाडकरचं झुंजार शतक, 368 पर्यंत मजल आणि 169 धावांनी पराभव. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या गाडीचे पोहे स्वतःच्या खिशातून दिले. मुंबईनं आपल्याला हरवलं होतं. जग पुन्हा जागेवर आलं होतं.

असो. संघनिवड बाकी होती.

ती विम्याचे भाऊ करतात, खर्रा घोटता घोटता. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. पानठेल्यावरून आणलेली पुडी ते उघडत नाहीत. पन्नीसकट डाव्या तळहातावर धरतात आणि उजव्या तळव्यानं सुपारी, तंबाखू, चुना जिवाच्या आकांतानं रगडत राहतात. सलामीची जोडी ठरेपर्यंत पन्नी आतून ओली होते. मधली फळी होईपर्यंत रंग पालटतो. तिसरा जलदगती गोलंदाज घ्यायचा की आणखी एक फिरकीपटू, या प्रश्नाला घोटण्याचा वेग एकदम वाढतो, कारण इथे भाऊंच्या मनातही दोन प्रवाह आहेत. मग तोंडात खर्रा पडतो आणि संघ जाहीर होतो. तिथून पुढे भाऊंना बोलता येत नाही. तोंड वर करून, भुवया उंचावून, "हूं" एवढंच. खरं सांगायचं तर त्या सकाळचं सगळ्यात संतुलित मत तेच होतं. पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येक बाजूनं त्या "हूं"चा आपापल्या सोयीनं दाखला दिला.

मुलानं मोबाइल काढून दाखवला. ऑगस्टमध्ये दुलीपमध्ये दानिश मालेवारचं द्विशतक, सप्टेंबरच्या फायनलमध्ये यश राठोडच्या 194, मध्य विभाग विजेता. "हे पाहा ना काका. हे तर खरे सामने आहेत."

काकांनी चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला, स्कोअरकार्ड वाचलं.

"दुलीपमध्ये काढून घेतल्या," ते म्हणाले. "आता रणजीले राह्यल्या काय?"

धावा या रेशनवर मिळतात आणि कार्डावरचा कोटा संपला की संपला, ही मांडणी मला नवीन होती. पण गाडीवरच्या सात-आठ जणांनी माना हलवल्या. पोहेवाल्यानंही. तो मूळचा छत्तीसगडचा आहे.

मग मी एक गैरसोयीचा प्रश्न विचारला. म्हटलं, इराणीला कोण कोण येतंय?

कुणी एकदम नाही म्हटलं नाही, नागपूरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. जामठा लांब पडतो, असं निघालं. मेट्रो खापरीपर्यंतच जाते, पुढं काय पायी जायचं? दुसऱ्या दिवशी दसरा, घरी सोनं द्यायला लोक येतात. दीक्षाभूमीची गर्दी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा कार्यक्रम, गाडी काढायची सोय नाही. शिवाय मोबाइलवर दिसतेच. फायनललाही असंच झालं होतं. 6 फेब्रुवारीला इंग्लंडविरुद्ध भारताचा एकदिवसीय सामना होता तेव्हा वर्धा रोडवर मुंगीला वाट नव्हती आणि शहरात पासासाठी ओळख निघत नाही असा एक माणूस उरला नव्हता. त्याच महिन्याच्या 26 तारखेला त्याच मैदानावर विदर्भ रणजीच्या फायनलला उतरला, तेव्हा माणूस एका खुर्चीत बसून, दुसरीवर पाय, तिसरीवर डबा आणि चौथीवर स्वेटर ठेवू शकत होता. पाच दिवस. हर्ष दुबेनं विक्रम केला तो अशा पंचेचाळीस हजार खुर्च्यांच्या देखत.

काकांना मी हे म्हटलं. ते रागावले नाहीत. "आपण गेलो की टीम हरते," त्यांनी खालच्या आवाजात समजावलं. "एकदा गेलो होतो. म्हणून जात नाही. त्याग आहे थो."

पोह्याचे पैसे देऊन निघालो, तर विम्याचे भाऊ मागून आले. कोपऱ्यात जाऊन तोंड मोकळं केलं, रुमालानं पुसलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, तिसऱ्या जलदगती गोलंदाजाबद्दल काहीतरी आहे.

"भाऊ, एक काम होतं. 21 जानेवारीले न्यूझीलंड येऊन राह्यले ना जामठ्याले. पेपरवाल्यायले पास भेटतात म्हणे. चार होतीन का? पाच झाले तर बरं, साळा पुण्याहून येऊन राह्यला."

म्हटलं, चार महिने आहेत त्याला. परवापासून इराणी आहे, तिथं जागेचं एवढं अवघड नसतं. साळ्यालाच काय, सगळ्या सासुरवाडीला घेऊन या.

"नाही जी," भाऊ म्हणाले. "थे विदर्भाची मॅच. थे कोण पाह्यते?"