राखणदाराची राखण

शेजारच्या वस्तीवर कुत्रं घ्यायचं ठरलं. घरात पाच आणि आठ वर्षांची दोन पोरं, भोवती पुरुषभर उंच ऊस, म्हणजे गरज खरीच. अडलं ते जातीवर. सोयरिकीत जात विचारत नाही असं सांगणारी ही मंडळी कुत्र्याची मात्र कागदासकट मागत होती.

धाकट्याला मोबाइलमधला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता, वहिनींना मांडीवर मावणारं पॉमेरियन. दादांची अपेक्षा माफक: देवळालीच्या चौकात गाडीतून उतरवलं की चार लोकांनी किंमत विचारावी. मी मुधोळचं नाव सुचवलं. त्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालंय, पुढे लष्करानंही त्याला तयार केलंय, हे ऐकून दादा जरा हलले. मग फोटो पाहून म्हणाले, "हे तर गावठीच दिसतंय!" आजी म्हणाल्या, "धनगराच्या वाड्यावरनं पिल्लू आणा, भाकरीवर वाढंल." हा ठराव बहुमतानं फेटाळला गेला.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यायची, कुत्रं खात असताना पोरांनी त्याच्या ताटलीत हात घालायचा नाही, असले विषय निघालेच नाहीत. नाव मात्र ठरलं, सिंबा.

हस्की आला. बर्फावर गाडी ओढणाऱ्यांच्या कुळातला हा जीव वैशाखात प्रवरेकाठी कूलरपुढे आडवा झाला. कूलरमध्ये पाणी भरायचं काम आजींकडे.

या सगळ्यात जातपात न मानणारा एकच निघाला, बिबट्या. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या शेतशिवारात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ साली छापलेला हिशेब असा: त्याच्या खाण्यात वजनानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या बऱ्याच मागे. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगाच नव्हे. सिंबाच्या गळ्यात लाल बो आहे.

मी हे दादांना सांगितलं, ती चूकच झाली. त्या दिवसापासून सिंबा रात्री पोरांच्या खोलीत, आतून कडी लावून. फक्त अकराच्या सुमारास त्याला एकदा अंगणात न्यावं लागतं. पुढं बॅटरी घेऊन आजी, मागं पत्र्याचा डबा बडवत दादा आणि मधे सिंबा. तो प्रत्येक झाड हुंगत सावकाश जागा निवडतो. आजी उसाकडं बॅटरी रोखून म्हणतात, "उरक रे बाबा, मला वाळवणं घालायचीत सकाळी."