सेटअपकाका

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आसपास, रिडेव्हलपमेंटची वाट बघत उभ्या असलेल्या कुठल्याही सोसायटीत हा गृहस्थ सापडतोच. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी बँकेत नाहीतर विमा कंपनीत, आणि ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्याला प्रश्न, ‘‘तुमच्याकडे विंडोज कुठलं?’’ बोरिवलीतही असतो, तिथे जरा जास्त सविस्तर बोलतो. घाटकोपरचा असला तर ऐन एररच्या वेळी गुजरातीत शिरतो. सोसायटीतली पोरं त्याला सेटअपकाका म्हणतात. म्हणजे पाठीमागे. समोर नुसतं काका.

काकांचं आयुष्यात काम एकच : जुना कॉम्प्युटर गेम नव्या मशीनवर चालवून देणं. खेळणं नव्हे. ‘रोड रॅश’ सुरू झाला, पहिली मोटरसायकल रस्त्याला लागली, की काका बंद करून मोकळे. मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, ‘‘काका, एक रेस तरी...’’ त्यावर काका मनापासून चकित होतात. ‘‘तुला खेळायचाय?’’

ही बाधा जुनी आहे. १९९५च्या सुमाराला लॅमिंग्टन रोडवर भाग जमवून जोडून घेतलेला ४८६, मॉनिटर टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरपर्यंत आणि तिथून दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने मुलुंड. त्या मशीनला ‘टर्बो’ नावाचं बटण होतं. सगळं जग समजे की ते वेग वाढवण्यासाठी. काका तेव्हापासून सांगताहेत की ते मुळात वेग कमी करण्यासाठी होतं, कारण त्याहून जुने काही गेम प्रोसेसरच्या चालीवर चालत आणि ४८६वर त्यांतला माणूस दिसायच्या आत मरे. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी हे दोनदा सांगितलेलं आहे. इतिवृत्तात नोंद नाही.

पण काकांचा खरा सुवर्णकाळ म्हणजे ६४० केबी. डॉसमधल्या गेमला मशीनची रॅम कितीही असली तरी नेहमीची जागा तेवढीच मिळे, आणि त्यातच साउंड कार्ड, सीडी, माउस यांचे ड्रायव्हर पथारी पसरून बसलेले. वन रूम किचनमध्ये वाढलेल्या काकांना हे शिकवावं लागलं नाही. कॉन्फिग डॉट सिस ही फाइल उघडायची, ज्याला पोटमाळ्यावर चढवता येईल त्याला ‘डिव्हाइसहाय’ म्हणून वर चढवायचं, आणि तरीही गेम हटून बसला तर माउसला घराबाहेर काढायचं. ‘‘६२० केबी मोकळी केली होती मी,’’ हे वाक्य काका ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात माणसं मुलीच्या लग्नातल्या पंगती मोजतात.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बद्दल मात्र ते हळवे आहेत. १९८९चा गेम. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं. पहिली पायरी ओलांडली की एका दालनात बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. बरोबर अक्षराची बाटली प्यायची, आणि अक्षर शोधायचं ते गेमबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत. पुस्तिका! मुलुंडला गेम यायचा तो कुणाच्या तरी मावसभावाच्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर, त्याच्याबरोबर पुस्तिका कुठली येणार? पोरं अंदाजाने बाटल्या पीत आणि पटापट मरत. काकांनी त्यावरही उपाय काढला होता. गेम सुरू करतानाच ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करायचं, मग शिफ्ट आणि एल दाबून पायऱ्याच्या पायऱ्या गाळता येत. राजकन्येपर्यंत पोचायला त्यांना चार मिनिटंसुद्धा लागत नसत, हे काकू अजून ऐकवतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलाला माळ्यावर जुन्या सीड्यांची चळत सापडली आणि मी काकांना फोन केला. रविवारी सकाळी नऊला काका हजर. हातात सराफाच्या दुकानातली लाल पिशवी, तिच्यात बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह, कारण आमच्या लॅपटॉपला तो नाहीच. सीडी उजेडात तिरकी धरून त्यांनी ओरखडे पाहिले, मग खिशातून धुतलेल्या बनियनचा तुकडा काढला. ‘‘गोल गोल पुसायची नाही. मधून कडेकडे. सरळ.’’ सीडी आत गेली, घरघरली, आणि पडद्यावर एरर आली. काकांनी खुर्ची पुढे ओढली. चहा तेव्हा मागितला.

मग व्याख्यान. त्या काळचे पुष्कळ गेम स्वतः ३२ बिटांचे, पण त्यांचा सेटअप १६ बिटांचा, आणि आजचं ६४ बिटांचं विंडोज १६वाल्याला दारातही उभं करत नाही. ते निस्तरलं तर पुढे सेफडिस्क. सीडी अस्सल आहे की नाही हे तपासणारा पहारेकरी. त्याचा ड्रायव्हर २०१५ साली विंडोज १०मधून काढून टाकला, सुरक्षेला धोका म्हणून. ‘‘म्हणजे बघा,’’ काका म्हणाले, ‘‘ज्यानं पैसे मोजून अस्सल सीडी घेतली त्याचा गेम बंद, आणि अंधेरी स्टेशनबाहेर चोरीची घेतली त्याचा चालू.’’ हे सांगताना त्यांचा आनंद लपत नव्हता. आमच्या घरात अस्सल सीडी एकही नव्हती, ते सोडा.

दीड वाजता गेम चालला. काका वरण-भात जेवून गेले. संध्याकाळी बायको लाइटबिल भरायला बसली (आम्ही राहतो मुंबईत, बिल येतं महावितरणचं, मुलुंडचं सगळंच असं) तर साइट उघडेना. कुठलीच उघडेना. सगळीकडे ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’. तासाभरानं मुलाच्या लक्षात आलं की काकांनी कुठल्याशा ट्रायलची मुदत टळावी म्हणून लॅपटॉपची तारीख १९९९वर नेऊन ठेवली होती.

दिवाळीत भाच्यानं काकांची खोडी काढायची म्हणून त्यांना एक साइट दाखवली. पोलंडमधली एक कंपनी २००८पासून जुने गेम डागडुजी करून विकते. पैसे भरा, बटण दाबा, चालू. सेलमध्ये त्यानं १९९२चा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ काकांनाच भेट दिला. दोन मिनिटांत सुरू झाला. काका पडद्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी गेमचं फोल्डर उघडलं, आत डॉसबॉक्सची (डॉसचे गेम नव्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) सेटिंगची फाइल सापडली, ती वाचली, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘‘सायकल्स कुणी टाकल्यात ह्या?’’

फाइल बदलली. आवाज गेला. पुन्हा बदलली, चित्र गेलं. काकूंनी आतून दोनदा जेवायला बोलावलं. साडेदहाच्या सुमाराला गेम परत सुरू झाला, आधी होता तसाच, काडीचा फरक नाही.

‘‘हां,’’ काका म्हणाले, ‘‘आता बसला,’’ आणि बंद केला.