नाक दाबलं की…

आमच्या इमारतीत हल्ली कुणी दमत नाही. सगळ्यांची एनर्जी लो असते.

लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरचे काका पूर्वी जिन्यात बसून ‘हुश्श’ करायचे. परवा म्हणाले, ‘‘एनर्जी ड्रॉप झाली हो एकदम.’’ आपल्या भाषेत या एका दमण्याला केवढे शब्द होते! लग्नघरात माणूस आंबून जायचा, तापातून उठला की अंगात त्राण नसायचं, पावसाळ्यात मरगळ यायची, उन्हातून आलं की जीव गळून जायचा. उलट बाजूला तरतरी, हुरूप, उमेद, जोम. शब्द वेगळा, तसं औषधही वेगळं. आंबलेल्याला झोप, त्राण नसलेल्याला पेज, मरगळलेल्याला आईचा धपाटा. हे सगळं रद्दीत घालून आपण एकच शब्द घेतला. बोलताना एनर्जी, फलकावर ऊर्जा. ही ऊर्जा मला शाळेच्या विज्ञानात भेटली तेव्हा ज्यूलमध्ये मोजत. मग ती वीजबिलावर युनिटमध्ये येऊ लागली. आता ती नाभीपाशी तुंबते असं कळलं. तुंबलेली मोकळी करायचे दोन दिवसांचे साडेचार हजार. चहा त्यातच. चहा म्हणजे गवती चहाचा बिनसाखरेचा काढा.

वन्संनी या श्वासाच्या शिबिराचे दोघांचे पैसे भरले होते. ऐनवेळी भाऊजींची कंबर धरली. साडेचार हजार वाया जाऊ नयेत म्हणून मी गेले. आमच्या घरात अध्यात्माची सुरुवात बहुधा अशीच होते.

मंगल कार्यालयाचा हॉल, एसी, रांगेने चटया. जिथे एरवी वधूवरांच्या खुर्च्या असतात तिथे सर. कानाला माइक, अंगात पांढरा कुर्ता. मागे माणसाच्या आकृतीवर सात चक्रांचा भलामोठा तक्ता. खालून वर बघत गेले आणि एकदम चौथीच्या वर्गात जाऊन बसले: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा… तानापिहिनिपाजा! आपण इंद्रधनुष्य पाठ करायचो, ते इथे पाठीच्या कण्याला टांगलं होतं. सर म्हणाले, हे पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान.

आता गंमत बघा. चक्रांवरचा गाजलेला संस्कृत ग्रंथ म्हणजे बंगालच्या पूर्णानंदांचं ‘षट्चक्रनिरूपण’, काळ १५७७. कलकत्ता हायकोर्टातल्या जॉन वुड्रॉफ या न्यायाधीशाने १९१९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि चक्रं जगभर फिरली. त्या ग्रंथात नाभीजवळचं कमळ पावसाने भरलेल्या ढगाच्या रंगाचं आहे. तक्त्यात ते पिवळं. हृदयाचं कमळ बंधूकाच्या फुलासारखं लाल आहे, तक्त्यात पोपटासारखं हिरवं. ही तानापिहिनिपाजाची रंगरंगोटी अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळली. म्हणजे तो सनातन तक्ता माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचा. बाहेर टेबलावर याच सात रंगांच्या खड्यांचं ब्रेसलेट विकायला होतं. तेवढं मात्र अगदी ताजं.

मग श्वास. दिवे मंद झाले, ढोलकीसारखं काहीतरी वाजू लागलं आणि सर ओरडू लागले, ‘‘फास्ट! अजून फास्ट! टॉक्सिन बाहेर, ऑक्सिजन आत!’’ आम्ही साठ-सत्तर माणसं कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होतो. पाचव्या मिनिटाला माझ्या बोटांना मुंग्या आल्या. आठव्याला ओठ बधिर. दहाव्याला समोरच्या पांढऱ्या कुर्त्याचे दोन झाले. शेजारच्या चटईवरच्या बाई रडू लागल्या. सर धावत आले. ‘‘येतेय ना? हीच ती. प्राणऊर्जा!’’

माझ्या आजीला ही प्राणऊर्जा रोज सकाळी यायची. ओली लाकडं असली की फुंकणीने चूल फुंकून फुंकून तिला गरगरायचं, हातापायांना झिणझिण्या यायच्या. ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, ‘‘घेरी आली गं.’’ तिच्याकडून कुणी पैसे घेतले नाहीत.

यात गूढ काही नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ असतो. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला चिमटा लावून आपण पंच्याण्णवच्या वरचा आकडा बघायचो, तो हाच. भरल्या कळशीत आणखी किती ओतणार? धापा टाकून आत फारसं काही जात नाही, बाहेर मात्र जातो कार्बन डायऑक्साइड, आणि तोही गरजेपेक्षा जास्त. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्ताची आम्लता हलते, म्हणून मुंग्या, म्हणून भोवळ. टॉक्सिन म्हणून ज्याला हाकलत होतो, तोच मेंदूचा रक्तपुरवठा नीट राखत होता.

बरं, हे कुणी विलायती डॉक्टरने आपली खोड मोडायला सांगितलेलं नाही. जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान-नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्याला क्ष-किरणाच्या यंत्रापुढे उभं केलं. पोटातला दाब मोजला, श्वासातले वायू मोजले. प्राणायामात ढीगभर ऑक्सिजन आत जातो ही समजूत तेव्हाही होती. गुण्यांनी ती मोजून खोडली. योगावर नितांत श्रद्धा असलेला माणूस, आणि तरी आकडा सोयीचा आला नाही म्हणून झाकला नाही. आमचे सर दोन दिवसांत चौदा वेळा ‘सायन्स’ म्हणाले. मी चटईच्या कडेला पेन्सिलने रेघा मारल्या होत्या.

शास्त्र राहू दे, पोथीचं तरी ऐकावं. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम योग्याने ‘हठप्रदीपिका’ लिहिली. त्यात कपालभाती, म्हणजे ही भराभर फुसफुस, प्राणायामात नाहीच. ती धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीत, सहा शुद्धिक्रियांत आहे. म्हणजे झाडू मारण्याचा प्रकार. तोही सरसकट सगळ्यांना सांगितलेला नाही. मेद आणि कफ जास्त असेल त्याने आधी या क्रिया कराव्यात, बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं स्वात्माराम बजावतो. आपण मात्र टीव्हीसमोर बसून अख्ख्या खानदानाला झाडू मारायला लावतो. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसा श्वास हळूहळू ताब्यात आणावा, नाहीतर तो साधकालाच खातो, हेही त्यानेच सांगितलं. चुकीच्या अभ्यासाने काय होतं त्याची यादीसुद्धा दिली: उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं. एवढा स्पष्ट इशारा छापलेलं उत्पादन आज बाजारात मिळणार नाही. आम्हाला दोन दिवसांत सिंह, हत्ती आणि वाघ तिन्ही एकदम सोडून दाखवले, तेही जेवणाआधी.

दुसऱ्या दिवशी नाकपुड्यांचा ताळेबंद. सर प्रत्येकाच्या नाकाखाली आरसा धरत होते. माझ्यापाशी थबकले. चेहरा गंभीर. ‘‘मॅडम, तुमची डावी बंद आहे. इडा ब्लॉक. चंद्रनाडी. कधीपासून आहे हे?’’

मी म्हटलं, ‘‘सकाळपासून.’’

‘‘सहा सिटिंग लागतील.’’

वन्सं काळजीने बघू लागल्या. मी जेवून आले, थोडी लवंडले, आणि चारच्या काढ्याला डावी सुरू, उजवी बंद. सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, उधारी वेळेआधी फेडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सावकार बघतो तसं बघितलं. नाकाचं हे असंच असतं. आतल्या अस्तरात रक्त भरतं आणि ओसरतं, काही तासांनी पाळी बदलते, एक नाकपुडी कामावर आणि दुसरी सुट्टीवर. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ साली हे नोंदवलं. आपल्याकडे नाकपुडीतला श्वास बघून सल्ला देणाऱ्या स्वरोदयवाल्यांना ते त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. उजवा स्वर चालू असताना जेवावं, असं आमचे आजोबा पानावर बसताना सांगायचे. फक्त सुट्टीवर गेलेल्या नाकपुडीच्या नावाने पावती फाडायची, हे कुणाला सुचलं नव्हतं. नाक दाबलं की तोंड उघडतं अशी म्हण आहे. आता पाकीट उघडतं.

निघताना प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा, सरांची सही, आणि नावाची जागा रिकामी. ‘‘नाव घरी घाला, गर्दी आहे,’’ असं सांगितलं. मला चांगदेव आठवले. चौदाशे वर्षं काळाला चुकवलं म्हणतात. पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तेव्हा मायन्यालाच अडले, थोर म्हणावं की धाकटा म्हणावं, आणि कोराच कागद धाडला. मुक्ताई तेव्हा पोरसवदा. तिने कागद बघून निदान केलं: इतकी वर्षं जगला, पण कोराच राहिला. योगाची टिंगल करायला बाहेरच्या कुणाची गरज नाही, आपल्या घरातली पोरगी पुरेशी होती.

एवढं बोलल्यावर कुणीतरी मला नास्तिक म्हणणार. तसं नाही. श्वासाने खरंच काहीतरी होतं, फक्त ते दिसायला अगदीच फिकं असतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. तो सहापर्यंत उतरवला की हृदयाची लय आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा जास्त चोख चालते. २००१ साली बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी २३ जणांवर करून पाहिलं आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्यांनी लोकांना करायला काय दिलं? लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्हींनी श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला. गोव्यात संध्याकाळी ख्रिस्ती घरांत तेर्स, म्हणजे हीच रोझरी, म्हणतात, आमची आजी चूल निवल्यावर जपमाळ घेऊन बसायची. दोन्हीकडच्या नाड्यांना धर्म कळत नसावा. आणि भ्रामरीत आपण गुणगुणतो ना, त्या गुणगुणण्याने नाकातल्या पोकळ्यांमधला नायट्रिक ऑक्साइड बाहेर येण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, हेही मोजलेलं आहे. त्याने तुंबलेली ऊर्जा मोकळी होते का, ते मात्र कुठल्या यंत्राने मोजायचं हेच ठरायचं आहे.

तर हे फिकं काम जिथे चालतं ती जागा आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. गणपतीच्या देवळाचा सभामंडप. सकाळी सहा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, महिना दोनशे रुपये, त्याची पावती वहीच्या पानावर. पहिल्या दिवशी त्यांनी श्वासाचं नावसुद्धा काढलं नाही. चष्म्यातून बघत विचारलं, ‘‘बीपी? हर्निया? काचबिंदू? पोटाचं ऑपरेशन कधी? दिवस गेलेत का? लाजू नका, लिहून ठेवायचंय.’’ मग उताणं निजवलं आणि पोटावर जुनं पंचांग ठेवलं. ‘‘हे वर जायला हवं, छाती नाही. सोडताना घाई नको.’’ बस्स. पंधरा मिनिटं मी गेल्या वर्षीच्या एकादश्या वर-खाली करत पडले होते. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने विचारलं, ‘‘बाई, अनुलोम-विलोम कधी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पंचांग अजून डुगडुगतंय.’’

पुण्यात अय्यंगार गुरुजीही आधी आसनं पक्की करून घ्यायचे, मग प्राणायाम. पट्टे, विटा, लोड, खुर्च्या, सगळा सरंजाम त्यासाठी. घाई कुणालाच नव्हती.

कबूल करते, मला कंटाळा आला. महिन्यात अकरा दिवस दांड्या मारल्या. तिथे कुणी रडत नाही, कुणाला प्रकाश दिसत नाही, इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं एकही दृश्य नाही. पोटावर पंचांग घेतलेली बाई कुठल्या कोनातून फोटोजेनिक दिसणार? योगदिनाला मात्र तिथे चाळीस जण आले होते. २१ जूनला चटईवर चटई चढली होती. २२ला चटया गॅलरीत वाळत होत्या आणि मंडपात आम्ही पुन्हा सात जण. त्यातले दोन कबुतरांना दाणे टाकायला आलेले.

वन्संनी परवा फोन केला. लेव्हल टू आहे, सात हजार, कुंडलिनीची प्राथमिक तोंडओळख. ‘‘वहिनी, यांची कंबर परत धरलीय.’’ मी म्हटलं, भाऊजींना देवळात पाठवा, पंचांग मी देते.

तुम्हीही कुठे नाव घालणार असाल तर जरूर घाला. फक्त पहिल्या दिवशी एवढं बघा: बीपी, हर्निया, काचबिंदू, ऑपरेशन, यातलं काहीही न विचारता कुणी तुम्हाला भराभर धापा टाकायला लावत असेल, तर बोटांना मुंग्या यायच्या आत उठा. चपला दाराबाहेरच काढलेल्या असतात.