खुर्चीला हळद लागली

लीड्स,
14 जून

ती. सौ. आईस,


दादाचा निरोप आला, तो नुसता 'आईचा गेला' एवढाच. 'मोबाइल, दुधाच्या पातेल्यात पडून' हे त्याने दहा मिनिटांनी कळवलं. त्या दहा मिनिटांत मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. नवा मोबाइल येईपर्यंत पत्रच लिहावं म्हटलं. नाहीतरी फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आम्ही घर बदललं. नवं घर चार गल्ल्या पलीकडेच आहे, पण इथे भाड्याचं घर सोडणं म्हणजे मुलीने सासरहून निघताना दागिने मोजून परत करण्यासारखं असतं. घर ताब्यात देतानाच एक गृहस्थ येऊन त्या घराची कुंडली मांडून ठेवतात. तिला इन्व्हेंटरी म्हणतात. आमची चौतीस पानी होती. आपल्याकडे मालक भिंतीवर थाप मारून 'पक्कं बांधकाम आहे' म्हणतो आणि विषय संपतो. इथे दारामागच्या भिंतीवर चार स्कफ, दोन स्क्रॅच आणि एक निक अशी नोंद. स्कफ म्हणजे बूट किंवा बॅग घासून उमटलेला पट्टा. स्क्रॅच म्हणजे ओरखडा. सिंकच्या कडेचा टवका तो चिप, फ्रिजच्या दाराला आलेला पोचा तो डेंट, आरशाची चीर तो क्रॅक. निक म्हणजे बारीकशी खाच. पण एखादी जुनी वस्तू 'गुड निक'मध्ये आहे म्हटलं की ती चांगली आहे असं समजायचं, आणि तीच 'निक' झाली म्हटलं की चोरीला गेली! चोर सापडला तर तोही 'निक'मध्येच, म्हणजे कोठडीत. एवढ्याशा खाचेत इतकं सगळं बसवलंय.

हॉलमधल्या कार्पेटपुढे मात्र लिहिलं होतं, 'टायर्ड'. थकलेलं. मला त्याला चहा विचारावासा वाटला. तुझा जावई हसून हसून लोळला, अर्थात त्याच कार्पेटवर. मग मीच त्याला गप्प केलं. आपण तरी बांगडी फुटली म्हणतो का? ती वाढवली म्हणतो. नारळसुद्धा दगडावर आपटून दोन तुकडे केले की वाढवला! तेव्हा यांचं कार्पेट थकलं तर आपण हसू नये.

आमच्या चिंगीचं मात्र अवघड झालंय. तिच्याकडे सगळ्याला एकच शब्द, ब्रोकन, आणि त्याचं तिने केलेलं एकच मराठी, 'तुटलं'. फ्रॉक तुटला, कप तुटला, टीव्ही तुटला. परवा फ्रिज उघडून म्हणाली, "आई, दूध तुटलं." मी तिला समोर बसवलं. म्हटलं, कप फुटतो, दोरी तुटते, काठी मोडते, फ्रॉक फाटतो, शिवण उसवते, टीव्ही बिघडतो, दूध नासतं, भाजी विटते, खोबरं खवट होतं आणि पितळेच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग म्हणाली, "आजीच्या घरी इतकं सगळं खराब होतं?"

खरं म्हणजे तुझ्या घरी खराब होऊन काही बाहेर जातच नाही. कान तुटलेला कप पीठ मोजायला, चिरलेली बरणी मिठाला, विरलेलं धोतर ताक गाळायला. म्हणूनच आपल्याला वस्तू कशी गेली हे नेमकं सांगावं लागत असेल, म्हणजे पुढे तिचं काय करायचं ते कळतं. इथे वस्तू किती गेली हे सांगावं लागतं, म्हणजे पैसे किती कापायचे ते कळतं.

हिवाळ्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर आला, ओट्याखाली डोकं घालून बराच वेळ खुडबुडला आणि गंभीरपणे म्हणाला, वॉशर 'पेरिश्ड' आहे. शाळेत बाईंनी शिकवलेला एकच अर्थ माझ्या डोक्यात, मृत्यू पावणे. माझ्या तोंडून 'आय अ‍ॅम सो सॉरी' निघून गेलं. त्यानेही मला धीर दिला, की तुमचा काही दोष नाही, वय झालं होतं. रबर जुनं होऊन कडक पडलं, चिरा पडल्या, की इथे ते पेरिश होतं. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, मी पेरिश्ड आहे. त्यांना थंडी वाजत होती.

याच आजींपुढे आमची अब्रू गेली ती गाडीपायी. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या आमच्या गाडीला मागून कोणी तरी ठोकलं. विमा कंपनीने पत्र पाठवलं की गाडी राइट-ऑफ, वर्ग एन. हे वर्ग 2017 पासूनचे. एस म्हणजे सांगाड्याला धक्का बसलाय, एन म्हणजे सांगाडा धड आहे, पण दुरुस्त करणं परवडत नाही. आता धड आहे तर टाकायची का, हा तुझ्या जावयाचा प्रश्न. अंगणात उभा राहून तो दादाला फोनवर ओरडून सांगत होता, गाडी कंडम झाली, कंडम! आजी कुंपणापलीकडे गुलाब छाटत होत्या. हा शब्द साहेबच आपल्याकडे ठेवून गेलेला, सरकारी गाडी निकामी ठरवली की 'कंडेम्ड'. आपण त्याचं शेपूट कापून कित्येक वर्षं वापरला आणि आता परत आणून दिला, तर त्यांनाच ओळखू येईना. शेपूट कापल्यावर तो इथल्या कानाला कसा ऐकू येतो, ते बाबांना विचारू नकोस.

बाबांना मात्र एक सांग. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांची इथे वेगळीच बोली आहे. पानांवर तपकिरी ठिपके पडले की पुस्तक 'फॉक्स्ड', म्हणजे त्याला कोल्हा लागला. पानांचे कोपरे दुमडले की 'डॉग-इअर्ड', कुत्र्याचे कान. उन्हाने पुठ्ठ्याचा कणा विटला की 'सन्ड'. आणि पुस्तक 'गुड' आहे असं छापलेलं असेल तर मुळीच मागवायचं नाही. फाइन, व्हेरी गुड यांच्या खाली गुडचा नंबर लागतो. मी बाबांसाठी एक गुड मागवलं होतं. आलं ते कोल्ह्या-कुत्र्यांसकट, आणि बांधणी इतकी सैल की वाचायला घेतलं तर हातात फक्त कणा राहावा. तरी पाठवतेय. बाबा शिवतील.

आता मुख्य गोष्ट. घरमालकाच्या चार खुर्च्या होत्या, फिक्या निळ्या कापडाच्या. मार्चमध्ये तुझ्या जावयाने आमटीचं पातेलं नेता नेता एकीला अभिषेक केला. आणि हळद कुठली, तर तू दिलेली, सांगलीची! ती काय फडक्याने पुसून जाणार आहे? त्याने मला न सांगता साबण लावला. डाग पिवळ्याचा लालभडक. मी बघते तर हळदीचं कुंकू झालेलं. (कुंकू असंच करतात, हळदीला चुना किंवा खार लावून, हे त्याला मी त्या क्षणी सांगितलं. सांगायला नको होतं.) पाणी मारमारून पुन्हा पिवळ्यावर आणलं. म्हटलं, खुर्चीला हळद लागली, कुंकूही लागलं, आता अक्षता तेवढ्या टाक.

तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "उन्हात ठेव, आपोआप उडेल." अगं, ऊन! मार्चमध्ये लीड्सला! पण खुर्ची दक्षिणेच्या खिडकीत नेऊन ठेवली आणि दोन महिने तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही. ढग हटले की चिंगी ओरडायची, "आई, खुर्चीचं ऊन आलं!" एप्रिलच्या शेवटी डाग फिका पडला आणि मे संपता संपता साफ गेला. त्याबरोबर खुर्चीचा निळा रंगही गेला. तीन खुर्च्या निळ्या आणि चौथी राखेसारखी.

डिपॉझिट म्हणजे पाच आठवड्यांचं भाडं. 2019 च्या कायद्याने आमच्यासारख्यांकडून त्याहून जास्त घेता येत नाही, आणि त्याच्या कितीतरी आधी, 2007 पासूनच, ते सरकारमान्य योजनेत नोंदवावंही लागतं. पण डाग पडला, टवका उडाला, तर त्यातूनच कापतात. शेवटच्या दिवशी तेच गृहस्थ टॉर्च घेऊन आले. कार्पेटवर वाकले, भिंतींवरचे स्कफ मोजले (पाचवा चिंगीचा), आणि खुर्चीपाशी येऊन थांबले. मी श्वास रोखला. तुझा जावई पातेल्यासारखा चेहरा करून उभा. त्यांनी खुर्ची उलटी केली, सुलटी केली, खिडकीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'फेडेड'. मग म्हणाले, हे उन्हाचं काम आहे, फेअर वेअर अँड टेअर. म्हणजे माणूस नीट वागला तरी वापराने आणि ऊन-हवेने वस्तू झिजायचीच, त्याचे पैसे भाडेकरूकडून घ्यायचे नाहीत. जाता जाता एवढंही म्हणाले, की लीड्समध्ये उन्हाने विटलेलं कापड फार वर्षांनी पाहिलं.

डिपॉझिट परवा पूर्ण जमा झालं.

नव्या घरातल्या खुर्च्या पांढऱ्या आहेत. हळद संपत आली आहे. दिवाळीत येशील तेव्हा अर्धा किलो आण.

तुझी,
ताई